टेकऑफ-लँडिंगला कानात काय चालतं, काय नाही: ओझरहून उडणाऱ्यांसाठी सविस्तर

दिवाळीनंतर माझी मावशी नाशिकच्या ओझर विमानतळाहून बंगळूरला लेकीकडे गेली. पोचल्यावर पहिला फोन मला आला. "अगं, त्या एअर होस्टेसने माझ्या कानातलं काढायला लावलं आणि शेजारच्या पोराला काही म्हणजे काही बोलली नाही! वय बघून बोलतात का?" मी विचारलं, तुझ्या कानात काय होतं? तर नातवाने दिलेले मोठे, डोक्यावरून घालायचे हेडफोन. पोराच्या कानात? "ते बारीक, पांढरं. एकाच कानात होतं."

मावशीचं उत्तर तिच्याच बोलण्यात होतं, पण ते तिला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. कामानिमित्त मी महिन्यातून एकदा तरी ओझरहून हैदराबादला जाते आणि दर खेपेला हाच घोळ बघते. दार बंद झाल्यावर ब्लूटूथ जोडत बसलेले लोक, सुरक्षेच्या सूचना चालू असताना डोळे मिटून गाणी ऐकणारे, क्रूने हात केला की चिडणारे. यातल्या बहुतेकांना नियम मोडायचा नसतो. कोणती गोष्ट कधी करायची, तिथे त्यांची गल्लत होते. म्हणून क्रमानेच सांगते.

## आधी नियम नेमका काय, ते

तीन थर आहेत आणि तिन्ही वेगळे आहेत. घोटाळा होतो तो हे थर एकत्र केल्यामुळे.

पहिला थर सरकारी. आपल्याकडे डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, २०१४ मध्ये परवानगी दिली, की फोन, टॅब यांसारखी छोटी उपकरणं फ्लाइट मोडवर ठेवून पूर्ण प्रवासात, म्हणजे टेकऑफ-लँडिंगलाही, वापरता येतील. त्याआधी सगळं बंद करावं लागायचं. "टेकऑफला मोबाइल स्विच ऑफच करायचा असतो" असं अजून घरोघरी सांगितलं जातं, ते त्या जुन्या दिवसांतलं आहे.

दुसरा थर विमान कंपनीचा. सरकारने मुभा दिली, तरी कंपनी आपल्या विमानात त्याहून कडक नियम लावू शकते. कुणी छोटे इअरबड्स चालू देतं, पण डोक्यावरचे मोठे हेडफोन काढायला सांगतं. कुणी वायरवाले काढायला लावतं. कुणी टेकऑफ-लँडिंगपुरतं ब्लूटूथच बंद ठेवायला सांगतं. त्यामुळे "मागच्या वेळी चाललं होतं" हा युक्तिवाद दुसऱ्या कंपनीच्या विमानात चालत नाही.

तिसरा थर म्हणजे त्या क्षणी समोर उभा असलेला क्रू, आणि हा थर सगळ्यांत वरचा. कॅप्टन किंवा क्रूने काढा म्हटलं की काढायचं. सुरक्षेच्या सूचना न पाळणं हे विमानातल्या गैरवर्तनात मोडतं. डीजीसीएच्या २०१७ च्या नियमावलीत अशा गैरवर्तनाच्या तीन पातळ्या आहेत. नुसत्या शाब्दिक हुज्जतीचा प्रकारही पहिल्या पातळीत येतो आणि त्याला तीन महिन्यांपर्यंत प्रवासबंदी होऊ शकते. एका गाण्यासाठी एवढं कशाला?

आता यामागचं कारण, कारण ते कळलं की बाकीचं पाठ करावं लागत नाही. लोकांना वाटतं, हेडफोनच्या ब्लूटूथने विमानाच्या यंत्रांत गडबड होते. ब्लूटूथची ताकद फारच थोडी असते. हेडफोन काढायला लावण्यामागची मुख्य काळजी तुमच्या कानांची आणि मानेची आहे. टेकऑफनंतरची पहिली तीन मिनिटं आणि लँडिंगआधीची शेवटची आठ मिनिटं सर्वांत जोखमीची मानली जातात. विमानाचं मॉडेल मंजूर होताना कंपनीला दाखवून द्यावं लागतं, की निम्मेच दरवाजे वापरून सगळी माणसं ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात. या ९० सेकंदांत "कानातलं काढ, काय म्हणाले ते विचार" यासाठी वेळ धरलेला नाही. गळ्यातली वायर सीटच्या हँडलला अडकली तर तुम्ही अडकता आणि तुमच्या मागची रांगही अडकते. लाइफ जॅकेट डोक्यातूनच घालायचं असतं, हेही लक्षात ठेवा.

मावशीचं कोडं इथे सुटतं. मोठे हेडफोन दोन्ही कान झाकतात, क्रूला ते लांबून दिसतात आणि घाईत ते अडकतात. पोराचा एक कान मोकळा होता.

## टप्पा १: आदल्या रात्री, घरी

अर्धं काम इथेच होतं. विमानात जी धांदल दिसते, तिचं मूळ बहुतेक वेळा न केलेल्या तयारीत असतं.

१. तिकिटावरची कंपनी बघा आणि तिचा नियम वाचा. कंपनीच्या वेबसाइटवर किंवा ॲपवर इलेक्ट्रॉनिक उपकरणांविषयीचं पान असतं. दोन गोष्टी शोधा: टेकऑफ-लँडिंगला ब्लूटूथ चालतं का, आणि हेडफोनच्या आकाराबद्दल काही लिहिलंय का. मुंबई किंवा दिल्लीहून पुढचं विमान दुसऱ्या कंपनीचं असेल, तर तिचंही पान वाचा.

२. ऐकायचं ते फोनमध्ये उतरवून घ्या. गाणी, कीर्तनं, पॉडकास्ट, पुस्तकं, जे काही असेल ते. आणि नुसतं डाउनलोड झाल्याची खूण बघून समाधान मानू नका.

तपासा: घरच्या घरी फोन फ्लाइट मोडवर टाका, वायफाय बंद करा आणि डाउनलोड केलेलं खरंच वाजतं का ते बघा. काही ॲप खूप दिवस इंटरनेट न मिळाल्यास डाउनलोड केलेलंही उघडत नाहीत. हे ओझरच्या वेटिंग हॉलमध्ये कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

३. फ्लाइट मोडमध्ये ब्लूटूथची तालीम करा. माझ्या मते या लेखातली सगळ्यांत उपयोगी पायरी हीच. बऱ्याच फोनमध्ये फ्लाइट मोड लावला की ब्लूटूथही बंद होतं. मग ते वेगळं चालू करावं लागतं. काही फोन तुमची मागची निवड लक्षात ठेवतात, काही ठेवत नाहीत. विमानात हे असं घडतं: कानात गाणं चालू, क्रू फ्लाइट मोड लावायला सांगतो, लावला की जोडणी तुटते आणि गाणं थांबतं. माणूस गोंधळून पुन्हा प्ले दाबतो आणि गाणं फोनच्या स्पीकरमधून अख्ख्या विमानात घुमतं. दोन मिनिटांची तालीम केलीत तर ही वेळ येत नाही. फ्लाइट मोड लावा, ब्लूटूथ चालू करा, हेडफोन जोडले गेले याची खात्री करा, मगच प्ले. हाच क्रम बोटांना बसू द्या.

४. हेडफोनला ओळखू येईल असं नाव द्या. विमानात एकाच मॉडेलचे पाच-सहा इअरबड्स असतात. यादीत सगळ्यांची नावं सारखी दिसतात. फोनच्या सेटिंगमध्ये नाव बदलता येतं.

५. चार्जिंग पूर्ण करा. बड्सही आणि त्यांची डबीही.

६. पर्यायी वायर जवळ ठेवा, जर पुढचं विमान परदेशी जाणारं असेल तर. सीटसमोर स्क्रीन असलेल्या अनेक विमानांत अजून वायरची पिनच लागते. काही जुन्या सीटना दोन पिनांचं छिद्र असतं, त्याला छोटा ॲडाप्टर लागतो. ओझरहून देशातल्या देशात जाणाऱ्यांनी ही पायरी सोडून द्यावी.

इशारा: हेडफोन, इअरबड्सची डबी आणि पॉवर बँक चेक-इन बॅगेत टाकू नका. पॉवर बँक तर हातातल्या बॅगेतच न्यायची असते, आणि साधारणपणे १०० वॉट-तासांपर्यंतचीच. म्हणजे सुमारे २७,००० एमएएचपर्यंत. घरातली नेहमीची १०,००० ची बँक त्यात आरामात बसते. विमानात मात्र तिला काही जोडू नका. तिच्यावरचा आकडा पुसट झाला असेल तर दुसरी घ्या, कारण सिक्युरिटीवाले आकडाच बघतात.

## टप्पा २: घर ते विमानतळ

इथे फार काही नाही. नाशिकचा द्वारका चौक ओलांडून आग्रा महामार्गाने दहाव्या मैलापर्यंत आणि तिथून जानोरीच्या रस्त्याला लागेपर्यंत गाणी ऐकायची तेवढी ऐका. फक्त गाडीत बड्सची बॅटरी संपवू नका.

सिक्युरिटीच्या रांगेत कानातलं आधीच काढून डबीत ठेवा, आणि गळ्यात अडकवलेला हेडफोन ट्रेमध्ये. थंडीतल्या सकाळच्या विमानाला आपल्याकडे कानटोपी आणि मफलर गुंडाळूनच लोक येतात. टोपीखाली बड तसाच राहतो आणि तपासणीत पुन्हा मागे पाठवतात.

तपासा: ट्रेमधून सामान उचलताना डबी उघडून दोन्ही बड्स आहेत ना ते बघा. एक बड ट्रेच्या कोपऱ्यात राहून जाणं अगदी नेहमीचं.

## टप्पा ३: सीटवर बसल्यापासून दार बंद होईपर्यंत

हा वेळ तुमचा आहे. साधारण पंधरा-वीस मिनिटं मिळतात आणि सगळी जोडणी याच वेळात उरकायची.

१. डबी हाताशी ठेवा. पँटच्या खिशात नको, सीटच्या फटीत घरंगळते. वरच्या कप्प्यातल्या बॅगेत तर अजिबात नको, कारण काढा म्हटल्यावर बड्स ठेवायला जागाच उरत नाही. चेन असलेला शर्टाचा किंवा जॅकेटचा खिसा उत्तम. ओझरहून कधी एअरबस असते, कधी पंख्यांचं एटीआर. एटीआरमध्ये वरचे कप्पे लहान असतात आणि सीटजवळही जागा बेताची, तेव्हा ही काळजी जास्त घ्या.

२. समोरच्या खिशातलं सुरक्षा कार्ड काढून बघा. अनेक कार्डांवर कोणती वस्तू कधी चालते याची छोटी चित्रं असतात. फुली मारलेला हेडफोन दिसला तर प्रश्नच मिटला. मी दर वेळी बघते, कारण विमान बदललं की कार्डही बदलतं.

३. फ्लाइट मोड, मग ब्लूटूथ, मग जोडणी. घरी केलेली तालीम इथे कामाला येते. गाणं किंवा पुस्तक उघडून थांबवून ठेवा.

४. फोनचे गजर तपासा. पहाटेचं विमान पकडायला लोक पाच-पाच गजर लावतात. फ्लाइट मोडमध्येही गजर वाजतोच, आणि बड जोडलेला असो नसो, बऱ्याच फोनमध्ये तो स्पीकरवर येतो.

५. लॅपटॉप आत. छोटी उपकरणं चालतात याचा अर्थ लॅपटॉप चालतो असा होत नाही. टेकऑफ-लँडिंगला तो बॅगेतच हवा.

६. संशय असेल तर आत्ताच विचारा. "हे टेकऑफला चालेल का?" एवढं एक वाक्य. क्रू या वेळी मोकळा असतो आणि नीट सांगतो. सुरुवातीच्या घोषणेत क्रू कोणकोणत्या भाषा बोलतो तेही बऱ्याचदा सांगतात. मराठी असेल तर बिनदिक्कत मराठीत विचारा.

इशारा: सीटच्या स्क्रीनची वायर लावणार असाल तर ती सीटबेल्टच्या वरून येऊ द्या. बेल्टच्या खालून किंवा मांडीभोवती गुंडाळलेली वायर उठताना ओढली जाते. आणि ती शेजाऱ्याच्या अंगावरून तर कधीच नको.

## टप्पा ४: दार बंद होण्यापासून आकाशात स्थिर होईपर्यंत

चुका सर्वाधिक इथेच होतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

१. दार बंद झाल्याची घोषणा झाली की आवाज बंद. बड कानात राहिला तरी चालेल, पण गाणं थांबवा. सीटसमोरच्या स्क्रीनवर काही चालू असेल, तर घोषणेच्या वेळी विमान स्वतःच ते थांबवतं. तुमच्या फोनला घोषणा कळत नाही. फोनवर गाणं ऐकणारा माणूस घोषणा पूर्ण चुकवतो आणि त्याला चुकवल्याचंही कळत नाही. सवयीच्या प्रवाशांनाही हा फरक ठाऊक नसतो.

२. सुरक्षेच्या प्रात्यक्षिकाला दोन्ही कान मोकळे. बड काढून डबीत, हेडफोन मांडीवर. कंपनी कितीही मुभा देत असो, हे करा. "मला पाठ आहे" असं वाटतं, पण दर विमानात तुमचा सर्वांत जवळचा दरवाजा वेगळा असतो, कधी पुढे, कधी मागे. एटीआरमध्ये प्रवासी मागच्या दाराने चढतात. एअरबसची सवय असलेला माणूस गडबडीत पुढे धावेल. त्या दोन मिनिटांत मागे वळून आपल्या सीटपासून दारापर्यंत किती रांगा आहेत ते मोजा.

३. प्रात्यक्षिक संपल्यावर ठरवा. आता तीन पर्याय:

मोठे हेडफोन असतील तर ते मांडीवरही ठेवू नका. समोरच्या सीटखालच्या बॅगेत सरकवा. टेकऑफच्या धक्क्याने मांडीवरची वस्तू खाली पडून मागे घरंगळू शकते. गळ्यात तर मुळीच नको. गळ्यात ठेवले म्हणजे काढल्यासारखेच, असं खूप जण समजतात. मानेतल्या उशीबरोबर ते गुंतून बसतात.

वायरवाले असतील आणि क्रूने हरकत घेतली नसेल, तरी माझा सल्ला काढण्याचाच आहे.

छोटे बड्स असतील आणि कंपनीची परवानगी असेल, तर एकाच कानात लावा, आवाज निम्म्याच्या खाली ठेवा आणि बाहेरचा आवाज आत सोडणारा मोड चालू करा. नॉइज कॅन्सलेशन इथे बंद. ते इंजिनाची घरघर खातं, माणसाचा आवाज पूर्ण खात नाही, हे खरं. पण त्यावर गाणं चढलं की क्रूची हाक कानापर्यंत पोचत नाही. एटीआरच्या पंख्यांचा आवाज आधीच मोठा असतो, त्यात तर हाक ऐकू येणं कठीणच.

४. धावपट्टीवर वळण्याआधी शेवटची नजर. सीट सरळ, ट्रे बंद, खिडकीचं झाकण वर, पट्टा घट्ट. रात्रीच्या विमानात आतले दिवे मंद करतात, ते तुमचे डोळे अंधाराला सरावावेत म्हणून. खिडकी उघडी ठेवायची ती बाहेर काय चाललंय ते दिसावं म्हणून. कान मोकळे ठेवण्यामागेही हीच काळजी आहे. मग डोळे मोकळे ठेवून कान मात्र बुजवण्यात अर्थ नाही.

इशारा: बड केसांआड, ओढणीखाली किंवा टोपीत लपवू नका. क्रूला तो दिसला नाही, तर कुणाला हाक ऐकू येत नाहीये हे त्यांना कळणार कसं? लपवलेला बड दिसल्यावर जो वाद होतो, तो लपवल्यामुळे होतो.

तपासा: डोळे मिटून बघा, शेजारच्याचं साधं बोलणं कळतंय का? कळत नसेल तर आवाज जास्त आहे.

बड पडला तर: टेकऑफच्या धावेत तो सीटखाली घरंगळला तर वाकून शोधू नका, पट्टा तर सोडूच नका. वर गेल्यावर क्रूला सांगा. सीट मागे-पुढे करून शोधणं धोक्याचं, कारण बड, डबी किंवा फोन यंत्रणेत चिरडला गेला तर त्यातली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. क्रूला हे शिकवलेलं असतं. त्यांना शोधू द्या.

## टप्पा ५: हवेत

पट्ट्याचा दिवा विझला की लावा हवं ते. मोठे हेडफोन, नॉइज कॅन्सलेशन, सगळं. एवढंच करा, की आवाज फार चढवू नका आणि क्रू चहा-पाणी विचारायला आला तर एक कान मोकळा करा. हेडफोन न लावता मोठ्याने व्हिडिओ मात्र कुणीच बघू नये, आजोबांनीही आणि नातवंडांनीही.

ओझरहूनचे बरेच प्रवास तास-दीड तासाचे असतात. निम्मा वेळ चढण-उतरणीतच जातो. तेव्हा अडीच तासांचा सिनेमा लावून बसू नका. वीस-पंचवीस मिनिटांचे तुकडे असलेलं काही निवडलं, की थांबवायला जीव तुटत नाही.

## टप्पा ६: उतरणीला

विमान खाली येऊ लागलं, हे घोषणेआधीच कानाला कळतं. जमिनीला टेकायला अजून साधारण वीस ते तीस मिनिटं असतात. इथला क्रम टेकऑफच्या उलट आहे, आणि एक गोष्ट अधिक.

१. उतरणीची घोषणा झाली की मोठे हेडफोन काढा. "सीट सरळ करा" हे सांगायला क्रू आला की मग काढू, असं करू नका. त्या वेळी त्यांना पन्नास सीटा बघायच्या असतात. कंपनीने दिलेले हेडफोन असतील तर ते याच सुमारास गोळा करतात.

२. कानात घट्ट बसणारे बड्सही काढा, नियम असो वा नसो. कारण दुखण्याचं आहे. खाली येताना केबिनमधला दाब वाढतो. कान आणि घसा जोडणारी नळी उघडली की आतला दाब बरोबरीला येतो, आणि ती उघडते गिळल्याने, चघळल्याने, जांभई दिल्याने. रबरी टोकाचा बड कानाचं तोंड बुजवतो आणि अस्वस्थता वाढवतो. नॉइज कॅन्सलेशनमुळे दडे कमी बसतात, हा गैरसमज आहे. ते फक्त आवाजावर काम करतं, दाबावर नाही.

३. झोपलेल्याला जागं करा. कानात गाणं लावून गाढ झोपलेला माणूस गिळत नाही आणि लँडिंगला कान धरून उठतो. गोळी, चिक्की, पाण्याचे घोट, काहीही चालेल. सणसणीत सर्दी असेल तर प्रवासाआधी डॉक्टरांना विचारा.

४. मग पुन्हा टप्पा ४ चीच तयारी. पट्टा, ट्रे, खिडकी, आणि कान मोकळे. ती शेवटची आठ मिनिटं आता चालू होतात.

दिल्लीच्या धुक्याबद्दल खास इशारा: डिसेंबर-जानेवारीत ओझरहून दिल्लीला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. दाट धुक्यात, दृश्यमानता फार कमी असताना, कॅप्टन सगळी उपकरणं पूर्ण बंद करायला सांगू शकतात. त्या वेळी फ्लाइट मोड पुरेसा नसतो. फोन स्विच ऑफ, बड्स डबीत आणि डबी बंद. त्या वेळी विमान यंत्रांच्या भरवशावर उतरत असतं आणि कॅप्टनला कसलीच शंका नको असते. "नियमात तर चालतं" असं तिथे म्हणू नये.

## ज्यांना वेगळं वागावं लागतं

इमर्जन्सी एक्झिटच्या रांगेत बसलेले. पाय पसरायला जागा म्हणून ही सीट लोक जास्तीचे पैसे देऊन घेतात. तिथे टेकऑफ-लँडिंगला कानात काहीही नको आणि झोपही नको. क्रू तुम्हाला वेगळं समजावून सांगतो आणि दार उघडायची तयारी आहे का ते विचारतो. "हो" म्हणालात की तुम्ही त्या दाराचे राखणदार. नको वाटत असेल तर स्पष्ट सांगा, सीट बदलून देतात. यात कमीपणा नाही.

श्रवणयंत्र वापरणारे. श्रवणयंत्र हे वैद्यकीय उपकरण आहे, ते पूर्ण प्रवासात चालू ठेवता येतं. ते काढायचं नाही! माझे सासरे पहिल्या प्रवासात घाबरून काढून बसले होते आणि त्यांना एकही सूचना ऐकू आली नाही. आजकालची यंत्रं इअरबडसारखीच दिसतात, म्हणून क्रू काढायला सांगू शकतो. चढतानाच कानाकडे बोट दाखवून सांगून ठेवा, की हे ऐकण्याचं यंत्र आहे. यंत्र फोनला ब्लूटूथने जोडलेलं असेल, तर टेकऑफ-लँडिंगपुरतं फोनवरचं गाणं थांबवा, यंत्र नको.

लहान मुलं. मुलांचे कार्टूनवाले हेडफोनही मोठेच असतात, तेही काढावे लागतात. आयत्या वेळी हिसकावून घेतले की रडारड ठरलेली. घरीच सांगून ठेवा: "विमान पळायला लागलं की हेडफोन झोपणार, वर गेलं की उठणार." लँडिंगला चोखायला गोळी द्या, तान्ह्याला पाजा. हेडफोनपेक्षा त्याचाच उपयोग जास्त होतो. मुलाच्या गळ्यात वायर तर कधीच नको.

## टप्पा ७: चाकं टेकल्यावर

चाकं टेकली म्हणजे प्रवास संपला, असं धरून लोक फोन चालू करतात, उभे राहतात आणि कानात बड घालून बॅगा काढू लागतात. विमान अजून धावत असतं. फोन कधी चालू करायचा ते क्रू सांगतो. पट्ट्याचा दिवा विझेपर्यंत बसून राहा.

बॅग काढताना कान मोकळे ठेवा. वरच्या कप्प्यातून सामान घसरतं तेव्हा मागचा "अहो, सांभाळा!" म्हणतो, ते ऐकू यायला हवं. उठण्याआधी सीटवर आणि समोरच्या खिशात हात फिरवा, आणि डबी उघडून दोन बड्स मोजा. एक कमी असेल तर खाली उतरण्याआधी क्रूला सांगा. एकदा विमानाबाहेर पडलात की परत आत जाऊ देत नाहीत. सापडलाच नाही, तर सीट नंबर आणि फ्लाइट नंबर लिहून कंपनीच्या काउंटरवर नोंद करा.

शेवटचं, आणि हे फारसं कुणी सांगत नाही. शिडीने उतरून मोकळ्या मैदानावरून बसपर्यंत किंवा टर्मिनलपर्यंत चालायचं असेल, तर तिथेही कानात काही नको. एटीआरला पायऱ्याच असतात. आसपास सामानाच्या गाड्या, इंधनाचे टँकर फिरत असतात, शेजारच्या विमानाचे पंखे चालू असू शकतात, आणि खालचा कर्मचारी हाताने आणि आवाजाने रस्ता दाखवत असतो. मुलाचा हात धरा, फोन खिशात ठेवा आणि आखलेल्या पट्ट्यातून चाला. टर्मिनलच्या दारातून आत आलात, की मग मावशीला फोन लावा.